जखम भरली, पाय का भरला नाही? प्राण्यांच्या ऊती, गोठ्यात उभं राहून बघितलेल्या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. देवणी बैलाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मार बसला, मागच्या उजव्या पायाला, मांडीखालच्या सांध्यापाशी, बाहेरच्या अंगाला. जखम तीन आठवड्यांत सुकली. पण बैल अजून खूर सरळ टेकवत नाही. खूर मागं दुमडून त्याच्या पुढच्या अंगावर भार देतो आणि तिथं घासून रक्त येतंय. नववीतली लेक म्हणते, कातडीची ऊती वेगळी आणि नसेची वेगळी. तिला ऊतींचे चारही प्रकार तोंडपाठ आहेत, पण त्याचा बैलाच्या पायाशी मेळ कसा घालायचा हे तिला सांगता आलं नाही.

लेक बरोबर बोलली. पुस्तकात दोन गोष्टी येतात, प्रकार आणि कामं. गोठ्यात तिसरी लागते: ही ऊती बिघडली तर पुन्हा तशीच होते का? मालकाला थांबायला सांगायचं, खर्च करायला सांगायचा की नाद सोडायला सांगायचं, हे सगळं त्या एका उत्तरावर असतं. म्हणून मी चारही प्रकार त्याच अंगानं सांगतो.

एकसारख्या पेशी एकत्र येऊन एक ठरावीक काम करतात, तो समूह म्हणजे ऊती. अभिस्तर ऊती झाकते, शोषून घेते, स्राव सोडते. संयोजी ऊती जोडते, आधार देते, वाहून नेते. स्नायू ऊती आखडते आणि सैल होते. चेता ऊती, म्हणजे मेंदू आणि नसांची, निरोप नेते. शरीरातला कोणताही अवयव घ्या, त्यात बहुतेक वेळा चारही असतात. गाईचं मोठं पोट बघा: आतून अभिस्तर, त्याखाली संयोजी, भिंतीत स्नायू आणि त्या भिंतीला हलवणाऱ्या नसा. त्यामुळे ‘पोट बिघडलं’ असं मालक म्हणाला की आमचं पुढचं काम असतं, यातलं नेमकं कोण बिघडलं ते शोधणं.

बिघडलेली ऊती पुन्हा येते की नाही, याला लाळ्या-खुरकूतसारखा दुसरा दाखला नाही. मोठ्या गाईला हा रोग झाला की जिभेवर फोड येतात, फुटतात, आणि जीभ धरून बघायला जावं तर वरची साल हातात येते. खाली लाल मांस. बघणाऱ्याला वाटतं, ही आता कडबा कसला चावणार! पण साधारण पंधरवड्यात जिभेवर नवी साल धरते आणि गाय चाऱ्याला तोंड लावते. तोच विषाणू तिच्या पित्या वासराच्या हृदयाच्या स्नायूत शिरतो. तोंडात एकही फोड नसलेलं वासरू दूध पिता पिता कोसळतं. शव फाडून बघितलं तर हृदयावर पिवळट-पांढरे पट्टे दिसतात. पशुवैद्यक त्याला ‘टायगर हार्ट’ म्हणतात. एकाच गोठ्यातला एकच विषाणू. गाय वाचते कारण तिची अभिस्तर ऊती गेली होती, वासरू जातं कारण त्याचा हृदयस्नायू गेला.

अभिस्तर ऊतीच्या पेशी एकमेकींना खेटून असतात, मध्ये फट जवळजवळ नाही. त्या एका पातळ पटलावर बसलेल्या असतात. त्यांच्यात रक्तवाहिनी नसते. खालच्या संयोजी ऊतीतून झिरपून येईल ते पोषण घ्यायचं. तळाच्या थरातल्या पेशी सारख्या विभागत राहतात, वरच्या झिजून गळतात. सतत नवं घडवायची ही सवयच तिला जखमेत कामी येते. कडेच्या निरोगी पेशी आतल्या बाजूला सरकत येतात आणि उघडं अंग झाकून टाकतात.

या सरकण्यात आपण अडथळे फार आणतो. जखमेवर रॉकेल, जळकं ऑइल, चुना काहीही टाकलं जातं, त्यानं जंतू मरोत न मरोत, कडेची नवी पेशी नक्की मरते. हायड्रोजन पेरॉक्साइड पहिल्या दिवशी घाण काढायला ठीक. रोज फेस काढत बसलात तर जखम लांबते. किडे पडले असतील तर ते काढायलाच हवेत, त्याला पर्याय नाही. आणि जखमेत लाल दाणेदार मांस कातडीच्या पातळीच्या वर आलं तर कातडी त्यावर चढू शकत नाही. ते छाटून द्यावं लागतं. 2022 मध्ये लम्पी आली तेव्हा ज्यांच्या जनावरांच्या गाठी वरवरच्या होत्या त्यांची कातडी पूर्ववत झाली. ज्यांच्या गाठीचा गाभाच सडून पडला, तिथं खालचा थरही गेला, केसांची मुळंही गेली. असे बिनकेसाचे चट्टे जनावराच्या अंगावर कायमचे राहतात.

शिंग आणि खूर ही सुद्धा अभिस्तराचीच करणी. वरचं टणक कवच त्याच जातीच्या पेशींनी बनवलेलं, आतला गाभा हाडाचा. गाईचं खूर महिन्याला साधारण 5 मिलिमीटर वाढतं, म्हणून खुराला वरून पडलेली चीर खाली उतरून निघून जायला कितीतरी महिने जातात. मोठ्या बैलाच्या शिंगाचा गाभा पोकळ असतो आणि त्या पोकळीला आतून अभिस्तराचंच अस्तर असतं. आपल्याकडच्या बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो, तो या अस्तरातून उठतो. शिंग एका बाजूला कलायला लागलं, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी आलं, बैल डोकं झटकत राहिला, तर ‘शिंग हललंय’ म्हणून सोडून देऊ नका.

पोटात याच ऊतीचे अवतार वेगवेगळे. मोठ्या पोटाच्या आत बोटभर सुद्धा नसलेले असंख्य उंचवटे असतात, खाटकाकडे ते टॉवेलसारखं दिसणारं पोट बघितलं असेल तेच. चारा आंबून जी आम्लं तयार होतात ती या उंचवट्यांतून रक्तात जातात आणि गाईच्या ऊर्जेचा मोठा वाटा तिथून येतो. आता सुगीत ज्वारीच्या राशीपाशी जनावर सुटलं आणि त्यानं पोटभर दाणा खाल्ला, तर पोटात लॅक्टिक आम्ल माजतं. सामू 6 ते 7 च्या आसपास असायचा तो 5 च्याही खाली जातो, हे अस्तर भाजून निघतं आणि जंतूंना रक्तातून थेट यकृताकडे वाट मिळते. जनावर त्या दिवशी वाचलं तरी पुढं महिनाभर अंग धरत नाही, ते यामुळे. चौथ्या पोटातला अभिस्तर ग्रंथींचा, तो आम्ल आणि पाचक रस सोडतो. आतड्यातला स्तंभासारख्या उभ्या पेशींचा, शोषणासाठी. श्वासनळीतल्या पेशींना बारीक रोम असतात, ते धूळ आणि चिकट स्राव घशाकडे ढकलत राहतात. कडबा कुट्टी कोरडी, धुळीची घातली की या रोमांवर ताण येतो. पाण्याचा हलका हात मारा, एवढंच.

कासेबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण पैसा तिथं आहे. दूध तयार होतं ते कासेतल्या बारीक पिशव्यांच्या भिंतीतल्या अभिस्तर पेशींत. एक लिटर दुधासाठी साधारण 400 ते 500 लिटर रक्त कासेतून फिरावं लागतं. सडाच्या तोंडाशी असलेल्या नळीला केराटिनचं अस्तर असतं, तेच जंतूंना आडवतं. धार काढल्यावर ती नळी मिटायला अर्धा तास तरी लागतो. म्हणून धार काढली की पुढ्यात वैरण टाका, गाय उभी राहील, शेणामुतात बसणार नाही. औषधाच्या बाटल्यांपेक्षा ही सवय स्वस्त आहे. कासदाह होऊन त्या दूध करणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या की मोकळ्या झालेल्या जागेत संयोजी ऊती शिरते. ती तंतूंची, टणक. सड ‘दगडी’ झाला म्हणतात तो हाच. हाताला गाठ लागते, पण त्या गाठीत दूध करणारं कुणी उरलेलं नसतं, मग कितीही इंजेक्शनं द्या.

संयोजी ऊतीची ही दुसरी नोकरी पुस्तकात ठळक येत नाही: ज्या ऊतीला स्वतःची जागा पुन्हा भरता येत नाही, तिची जागा संयोजी ऊती भरते. वण म्हणजे तेच. भोक बुजतं, काम बुजत नाही.

या ऊतीत पेशी विरळ आणि मधला भराव जास्त. भराव पातळ असेल तर रक्त, घट्ट असेल तर कास्थी, क्षारांनी कडक झाला तर हाड. रक्ताला ऊती म्हटलं की मुलं बुचकळ्यात पडतात, पण 400 किलोच्या बैलात 28 ते 30 लिटर रक्त असतं आणि तेही याच खात्यात जमा. गोचीड तापात परजीवी आधी पांढऱ्या पेशींत घुसतो, म्हणून खांद्यापुढची गाठ सुजते. मग लाल पेशींत जातो आणि डोळ्याची आतली बाजू पांढरी पडते. संकरित गाई यात जास्त मरतात; देवणी आणि लाल कंधारी या देशी जाती बऱ्याच तगून जातात. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन विषबाधा झालेल्या जनावराचं रक्त उलट लालभडक दिसतं, कारण रक्तात प्राणवायू आहे पण पेशींना तो वापरता येत नाही. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेल्या ज्वारीत जनावर सोडू नका, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको, तरी दर साली एखादं दावं रिकामं होतंच.

हाड वाळक्या लाकडासारखं निर्जीव आहे असा समज आहे. ते जिवंत आहे, त्यात रक्तवाहिन्या आहेत, म्हणूनच ते जुळतं. मोडल्यावर आधी रक्ताची गुठळी, मग मऊ कास्थीचा जोड, मग त्यात क्षार भरून कडक जोड. वासराचं चार-सहा आठवड्यांत, मोठ्या जनावराचं दोन महिने आणि पुढं. अट एकच, जागा हलता कामा नये आणि रक्त तुटता कामा नये. बांबूच्या कामट्या सुतळीनं आवळून बांधतात, त्यात पहिली अट सांभाळली जाते आणि दुसरी मोडते. चार दिवसांनी खुराला हात लावावा तर गार, टाचणीला दाद नाही, दोरीच्या खाली कातडीवर ओली काळी रेघ. हाड जुळलं असतं, पायच सडला.

कास्थीचं उलट. तिच्यात रक्तवाहिनीच नाही, त्यामुळे ती जवळजवळ भरत नाही. तुमच्या जनावराच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला आहे ना, तो कानाच्या कास्थीतून आरपार गेलेला आहे. बिल्ला निघाला तरी भोक तसंच राहतं. कडेनं कातडी वळते, मधली कास्थी परत येत नाही. कानाला हे चालतं, सांध्यात चालत नाही. सांध्याच्या टोकावरची गुळगुळीत कास्थी घासली गेली की बैल कायमचा लंगडा. हाडाला स्नायू बांधणारा कंडरा आणि हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध हे दोन्ही रक्ताला गरीब. ते भरतात, पण महिन्यांच्या हिशेबानं, आणि पहिल्यासारखा ताण घेत नाहीत. हाळीच्या बाजारात जाणकार माणूस दात बघून झाल्यावर बैल चालवून बघतो ते याचसाठी. चरबी हीसुद्धा संयोजी ऊती, साठा आणि उबेची. उस्मानाबादी शेळीच्या गुर्द्याभोवती ती भरपूर सापडते. त्यावर आणखी काही सांगण्यासारखं नाही.

स्नायू तीन जातींचे. हाडाला जोडलेले, पट्टेदार, जनावराच्या मर्जीनं चालणारे. पोट, आतडी, गर्भाशय यांच्या भिंतीतले, पट्टे नसलेले, मर्जीबाहेरचे. आणि हृदयाचा, पट्टे असूनही मर्जीबाहेरचा. तिन्ही एकदम बघायचे तर नुकती व्यालेली, जास्त दुधाची गाय मिल्क फिव्हरनं बसलेली बघावी. रक्तद्रवात 100 मिलिलिटरला साधारण 8.5 ते 10 मिलिग्रॅम कॅल्शियम असायला हवं, ते कासेत ओढलं जाऊन 5 च्या खाली गेलेलं असतं. पाय उचलत नाहीत, मान कुशीकडे वळलेली. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ रोवून मिनिटभर थांबलं तर पोटाची एकही लाट लागत नाही. शेण अडलेलं, पोट फुगायला लागलेलं. कानाला नळी लावली तर ठोके जलद आणि दबके. कॅल्शियमची बाटली शिरेतून हळूहळू सोडायला घेतली की आधी अंगावरचे स्नायू थरथरतात, मग ढेकर येतो, मग शेण पडतं, आणि बऱ्याचदा बाटली संपून थोड्या वेळात गाय उठते. घाई केली तर हेच कॅल्शियम हृदयाचा स्नायू आवळून धरतं आणि गाय हाताखाली जाते. म्हणून ही बाटली शेजारच्या पोराकडून लावून घेऊ नका.

फऱ्या हा पट्टेदार स्नायूचा रोग. त्याचे जंतू मातीत बीजाणू होऊन राहतात आणि प्राणवायू नसलेल्या जागी वाढतात. जाडजूड मांसात त्यांना ती जागा मिळते. म्हणून तो अंगानं भरलेला, सहा महिने ते दोन वर्षांचा गोऱ्हा निवडतो, खांदा किंवा फरा सुजतो, आणि सुजेवर बोट दाबलं की आतल्या हवेनं चरचर वाजतं. लस पावसाळ्याच्या आधीच टोचायची. मार बसलेला पट्टेदार स्नायू थोडाफार स्वतः सावरतो, जास्त गेला तर वण येतो. हृदयाच्या स्नायूला ती सोय जवळपास नाही; वासराचं वर सांगितलंच.

आता तुमचा बैल. चेता ऊतीत मुख्य पेशी म्हणजे चेतापेशी. तिचा मुख्य भाग मज्जारज्जूत किंवा त्याच्या लगत आणि तंतू पार खुरापर्यंत. मागच्या पायाच्या त्या सांध्याच्या बाहेरच्या अंगाला एक नस हाडावरून अगदी कातडीखालून जाते. खूर पुढं उचलून सरळ टेकवायचं काम करणारे स्नायू तिच्या हुकमात आहेत. ट्रॉलीचा मार तिच्यावर बसलाय असं लक्षणांवरून दिसतं. मज्जारज्जू किंवा मेंदूतला तंतू तुटला तर तो परत जुळत नाही. पायातल्या नसेचं तसं नाही. बोअरच्या मोटारीची केबल पाइपातून ओढतात, तसं तंतूभोवतीचं आवरण शाबूत असेल तर नवा तंतू त्यातून पुढं सरकतो. वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. वितभर अंतर असेल तर सहा-सात महिने! नुसता मुका मार असेल तर काही आठवड्यांतही सुधारतं. कातडी तीन आठवड्यांत भरली आणि पाय भरला नाही, याचं कारण हे एवढंच आहे.

खुराच्या वर पुढच्या बाजूची कातडी चिमट्यानं दाबून बघा. बैलानं पाय ओढला तर आशा चांगली. नाही ओढला तर महिन्यानं पुन्हा बघा, आणि प्रत्येक वेळी चिमटा कुठपर्यंत लागतो ती जागा लेकीला वहीत लिहून ठेवू द्या. तोवर खूर सरळ ठेवून भरपूर कापूस गुंडाळा, पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची अर्धी फळी लावा, रोज सोडून सूज बघा. मऊ जमिनीवर बांधा, आखाड्यावरचा खडक नको. मांडीपासून खाली रोज चोळा, नस पोहोचेपर्यंत स्नायू वाळून गेला तर नस येऊन काय करणार? बी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं जोड म्हणून चालतील, त्यावर भिस्त ठेवू नका. डाग मात्र देऊ नका. तापल्या लोखंडानं भरलेली कातडी पुन्हा जळते आणि नसेला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. आठ-नऊ महिन्यांनीही चिमट्याला दाद नसेल आणि फरा वाळला असेल, तर औताची आशा सोडा.

नसेच्या याच वाटेनं रेबीजचा विषाणू मेंदूकडे जातो, म्हणून तोंडाला चावा असेल तर रोग लवकर दिसतो. गाय सारखी हंबरते, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि मालक ‘घशात काही अडकलंय’ म्हणून तोंडात हात घालतो. तो हात घालू नका. घातलाच गेला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लेकीला हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सूक्ष्मदर्शक लागतोच असं नाही. फ्रान्सच्या झेवियर बिशाँ या डॉक्टरनं 1800 च्या सुमारास 21 प्रकारच्या ऊती सांगितल्या, त्या सूक्ष्मदर्शक न वापरता. कापून, उकळून, वाळवून, आम्लात बुडवून. तिशी ओलांडली न ओलांडली तोच, 1802 मध्ये तो गेला. तुम्ही मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा एक पाय न भाजता आणा. कातडी सोलली की खाली पांढरा चकचकीत कंडरा दिसेल, तो ओढला की खूर हलेल. सांधा उघडला की टोकावर निळसर पांढरी, बोटाला बुळबुळीत लागणारी कास्थी. हाड फोडलं की मगज. उरलेलं उकळून रस्सा थंड करा, तो थिजतो. ते संयोजी ऊतीतलं कोलॅजन. कोंबडीच्या तंगडीचं एक स्वच्छ हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. क्षार निघून जातात, तंतू राहतात, आणि हाड बोटांनी वाकतं. दुसरं हाड चुलीत पांढरं होईपर्यंत जाळा, त्याचे तंतू जातात, क्षार राहतात, ते दाबलं की चुरा होतो. जाळताना वास फार येतो, तेवढं अंगणात करा.